टकल्या वसाहती: मातीतले जिवाणू आपले गुण का गमावतात?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या आता वरचेवर येतात, आणि त्या वाचून आपली अशी समजूत होते की जिवाणू सतत काहीतरी कमावतच असतात. एकाकडून प्रतिकाराचे जनुक घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे आणि पिढीगणिक अधिक चिवट होत जायचे, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. निसर्गातून मिळालेल्या प्रतिजैविकांपैकी निम्म्याहून अधिक प्रतिजैविके ज्यांनी आपल्याला दिली, ते स्ट्रेप्टोमायसीज गटातले मातीतले जिवाणू आपले गुण विलक्षण सहजतेने गमावतात. प्रतिजैविक बनवण्याची क्षमता, अंगचा रंग, बीजाणू तयार करण्याची हातोटी, स्वतः बनवलेल्या विषापासून स्वतःचा बचाव करण्याची सोय, यांपैकी एखादी किंवा एकदम अनेक गोष्टी दर काहीशे वंशजांमागे एखाद्यातून नाहीशा होतात आणि सहसा परत येत नाहीत. या प्रकाराला जनुकीय अस्थिरता म्हणतात. तिच्यामागचे कारण समजून घ्यायचे, तर आधी हा जिवाणू सुस्थितीत असताना कसा जगतो ते पाहावे लागेल.

एका वसाहतीकडे जवळून पाहताना

जिवाणू म्हटले की एक सुटी पेशी, तिच्या दोन, दोनाच्या चार असा हिशोब आपल्याला माहीत असतो. स्ट्रेप्टोमायसीजचे तसे नाही. त्याचा बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळ काढण्यासाठी बनलेली सुप्त पेशी, ओलावा आणि अन्न मिळताच रुजतो आणि त्यातून एक बारीक तंतू बाहेर पडतो. तो तंतू वाढत जातो, त्याला फांद्या फुटतात, आणि झाडाची मुळे जमिनीत घुसावीत तसे हे जाळे पोषकमाध्यमात, म्हणजे झाकणाच्या प्लेटमध्ये अगर या जेलीने घट्ट केलेल्या अन्नात, खोलवर घुसते. या अवस्थेत वसाहत, म्हणजे एका बीजाणूपासून वाढलेला हा सगळा पुंजका, चामड्यासारखी टणक असते. निक्रोमच्या तारेने ती खरवडायला गेले तर वरून काही सुटून येत नाही, आलेच तर खालच्या अगरचा तुकडा घेऊन येते.

दोन-तीन दिवसांनी अन्न आटू लागले की वसाहतीचे रूप पालटते. काही तंतू माध्यमातून वर, हवेत उभे राहतात आणि पृष्ठभागावर पांढरी लव दिसू लागते. या हवेतल्या तंतूंना लागणारे अन्न बऱ्याच अंशी खालच्या जाळ्यातूनच येते, कारण खालच्या पेशींचा एक भाग मरून विरघळतो आणि वरच्या भागाच्या कामी येतो. पुढे प्रत्येक उभा तंतू आडव्या भिंतींनी विभागला जातो, त्याची बीजाणूंची माळ होते, आणि पांढऱ्या लवेवर राखाडी रंग चढतो. आता तीच तार वसाहतीवरून नुसती फिरवली तरी तिच्यावर राखेसारखी पूड बसते. झाकण उघडताच पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो आणि ते हेच जिवाणू बनवतात. स्ट्रेप्टोमायसीज सीलिकलर या जातीत तर वसाहतीच्या पृष्ठभागावर निळ्या द्रवाचे बारीक थेंब साचतात. तो निळा रंग ॲक्टिनोऱ्होडिन या प्रतिजैविकाचा असतो.

प्रतिजैविक बनण्याची वेळ आणि हवेतले तंतू उभे राहण्याची वेळ साधारण एकच असते. खालचे जाळे विरघळून अन्न मोकळे होत असताना शेजारच्या परक्या जिवाणूंनी त्यावर डल्ला मारू नये, म्हणून ही राखण असावी, असे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक देतात आणि मला ते पटते. म्हणजे रंग, वास, लव, बीजाणू आणि प्रतिजैविक या पाच वेगळ्या गोष्टी नसून वसाहतीच्या एकाच वळणावर एकत्र उमलणाऱ्या गोष्टी आहेत. पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एवढी एक बाब लक्षात ठेवावी.

टक्कल म्हणजे नेमके काय जाते?

आता शेकडो बीजाणू एकेक सुटे पडतील असे प्लेटवर पसरले आणि आठवडाभराने पाहिले, तर बहुतेक वसाहती मखमली राखाडी असतात, पण मधूनच एखादी गुळगुळीत, चकाकणारी, लव नसलेली दिसते. तिच्यावर हवेतले तंतू उभेच राहिलेले नसतात. संशोधकांनी अशा वसाहतींना सरळ ‘टकल्या’ हेच नाव दिले आहे. काही वसाहतींवर लव येते पण राखाडी रंग चढत नाही, कारण बीजाणू पक्व होत नाहीत. त्यांना ‘पांढऱ्या’ म्हणतात. कधी अख्खी वसाहत ठीक असते आणि फक्त मध्यापासून कडेपर्यंत एक पाचर वेगळ्या रंगाची दिसते. ही पाचर पाहण्यासारखी असते, कारण तिच्यात काळ गोठलेला असतो: पाचरीचे टोक जिथे आहे तिथे, वसाहत वाढत असताना, एका तंतूत काहीतरी बिघडले आणि त्याची सारी संतती तो बिघाड घेऊन बाहेरच्या दिशेने पसरत गेली.

येथे पहिला आक्षेप येतो तो असा की उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांच्या मजकुरातले बदल, सगळ्याच जीवांत होतात, मग यात विशेष ते काय? विशेष आहे ते प्रमाण. जिवाणूच्या एखाद्या ठरावीक जनुकात आपोआप बिघाड होण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे दर दहा लाख पेशींमागे एक, किंवा त्याहूनही कमी असते. स्ट्रेप्टोमायसीजमध्ये काही गुण हजारात एक, तर कित्येकदा शंभरात एक या प्रमाणात नाहीसे होतात. स्ट्रेप्टोमायसीज लिविडन्स या जातीत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला तोंड देण्याची क्षमता सुमारे दर दोनशे बीजाणूंमागे एकातून जाते, आणि अशा गमावलेल्यांच्या पुढच्या संततीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवण्याची क्षमताही गमावून बसतो. एक गुण गेला की दुसरा जाण्याची शक्यता शेकडो पटींनी वाढते. एखाद्या मजकुरातले एक अक्षर चुकल्याने असे होत नाही. येथे पानेच्या पाने गळत असली पाहिजेत.

गळतात ती पाने कोणती?

हे कोडे सुटायला बराच काळ लागला. गुण इतक्या सहज जातात हे पाहून 1970 च्या दशकात अनेकांना वाटले की ही जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर असतील. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत असलेला डीएनएचा छोटा सुटा तुकडा; तो पेशीविभाजनात एखाद्या वंशजाला मिळायचा राहून जाऊ शकतो. जी रसायने प्लाझ्मिड घालवतात, त्यांनी हे गुणही अधिक प्रमाणात जात, त्यामुळे तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. पण गुणसूत्राचे प्रत्यक्ष नकाशे तयार होऊ लागले तेव्हा दिसले की बहुतेक वेळा गळालेला भाग मुख्य गुणसूत्राचाच होता. 1993 मध्ये लिविडन्सच्या गुणसूत्राबद्दल आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, ती अशी की ते बांगडीसारखे गोल नसून काठीसारखे सरळ आहे. बहुतेक जिवाणूंचे गुणसूत्र गोल असते, त्यामुळे हा शोध अनेकांना अनपेक्षित होता.

सरळ गुणसूत्राला दोन टोके असतात आणि टोके सांभाळावी लागतात. बुटाच्या नाडीच्या टोकाला असलेली प्लास्टिकची नळी निघाली की नाडी उसवते. तसे होऊ नये म्हणून स्ट्रेप्टोमायसीजच्या गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एकेक प्रथिन घट्ट जोडलेले असते, आणि डीएनएची नक्कल होताना अगदी शेवटचा भाग पुरा करण्याचे कामही त्याच्या मदतीने होते.

2002 मध्ये सीलिकलरच्या जनुकसंचाचा संपूर्ण मजकूर वाचला गेला, तेव्हा त्याची मांडणीही समोर आली. डीएनएच्या मजकुराची लांबी बेस जोड्यांत मोजतात, म्हणजे जोडीने येणाऱ्या अक्षरांत. सीलिकलरचे गुणसूत्र सुमारे 86 लाख 67 हजार बेस जोड्यांचे आणि त्यावर 7,825 जनुके असल्याचा अंदाज निघाला. आतड्यातल्या ई. कोलाय या नेहमीच्या जिवाणूचा मजकूर याच्या जेमतेम निम्मा, म्हणजे सुमारे 46 लाख असतो. सीलिकलरच्या गुणसूत्राचा मधला सुमारे 49 लाखांचा भाग जगण्याला अपरिहार्य अशा जनुकांचा आहे: डीएनएची नक्कल, प्रथिने बनवणे, पेशीभित्ती बांधणे. त्याच्या एका बाजूला सुमारे 15 लाखांचा आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 23 लाखांचा हात आहे, आणि या हातांवर प्रामुख्याने प्रसंगोपात्त लागणारी जनुके आहेत. अवघड अन्न पचवणारी वितंचके (एन्झाइम), काही प्रतिजैविके, रंगद्रव्ये आणि प्रतिकाराच्या सोयी त्यांत येतात.

शिवलेल्या जुन्या पुस्तकाची कल्पना करावी. मधली पाने दोऱ्याने पक्की बसलेली असतात, आणि सुटतात ती पहिली आणि शेवटची. या पुस्तकात रोजच्या व्यवहाराचे नियम मधल्या पानांवर लिहिले आहेत आणि खास कौशल्ये बाहेरच्या पानांवर. बाहेरची पाने गेली तरी वाचक रोजचा दिवस ढकलू शकतो. स्ट्रेप्टोमायसीज अँबोफेशियन्स या जातीत असे सुमारे 20 लाख बेस जोड्यांपर्यंतचे तुकडे गळालेले आढळले आहेत, आणि तरीही ते जिवाणू प्लेटवर जिवंत राहतात. ज्या जीवाच्या वारशाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला तो उद्या सकाळी वाढलेला दिसतो, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला थक्क करते.

गळण्याबरोबर उलटा प्रकारही घडतो. टोकाजवळचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा नकलला जातो. लिविडन्समध्ये आर्जिनिन बनवू न शकणाऱ्या वंशजांत सुमारे 5,700 बेस जोड्यांचा एक तुकडा शेकडो प्रतींत साठलेला दिसतो. काही वेळा एका हाताचे टोक तुटते आणि दुसऱ्या हाताच्या टोकाची नक्कल त्या जागी बसते. काही वेळा दोन्ही टोके जाऊन उरलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि सरळ गुणसूत्र गोल होते.

एकच जनुक गेले तरी सगळेच का थांबते?

चौकस वाचक येथे अडेल. हवेतले तंतू आणि बीजाणू यांचे नियंत्रण करणारी पुष्कळ जनुके गुणसूत्राच्या मधल्या, सुरक्षित भागात आहेत. मग टोके गेल्याने वसाहतीला टक्कल का पडावे?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जातीने दिले आहे. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, याच जातीपासून मिळाले. ते 1943 मध्ये वेगळे काढले गेले आणि 1944 मध्ये जाहीर झाले. ग्रिसियसच्या पेशी वाढत असताना ए-फॅक्टर नावाचे एक छोटे रसायन बाहेर सोडतात. 1960 च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव्ह यांच्या गटाने ते ओळखले. ते अत्यल्प मात्रेत काम करते, आणि त्याचे काम घंटा वाजवण्याचे असते. पेशींची संख्या पुरेशी झाली की ए-फॅक्टरची मात्रा एका मर्यादेपलीकडे जाते, एक अडसर दूर होतो, आणि त्यामागे अडलेले एक मुख्य नियंत्रक जनुक मोकळे होते. ते मोकळे झाले की हवेतले तंतू, बीजाणू, स्ट्रेप्टोमायसिन, त्याच्यापासून स्वतःचा बचाव आणि पिवळे रंगद्रव्य ही सगळी कामे सुरू होतात.

ए-फॅक्टर बनवणारे जनुक मात्र गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. ग्रिसियसला जरा जास्त तापमानात वाढवले की टकल्या, स्ट्रेप्टोमायसिन न बनवणाऱ्या वसाहती मोठ्या प्रमाणात मिळतात हे आधीपासून माहीत होते. अशा वसाहतींमध्ये गुणसूत्राचे टोक या जनुकासकट तुटलेले असते, हे 1990 च्या दशकात दाखवले गेले. कामगार जागेवर होते, अवजारे जागेवर होती, फक्त घंटा वाजवणारा निघून गेला होता. याचा पुरावा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. ए-फॅक्टर न बनवणारी टकली वसाहत निरोगी वसाहतीशेजारी वाढवली, तर शेजाऱ्याकडून झिरपत येणाऱ्या ए-फॅक्टरमुळे टकल्या वसाहतीच्या त्याच बाजूच्या कडेला लव उभी राहते.

अर्थात प्रत्येक टक्कल याच कारणाने पडत नाही. काही टकल्या वसाहतींत मधल्या भागातल्या एका जनुकात साधा अक्षरदोष असतो. सीलिकलरमधले एक प्रसिद्ध उदाहरण असे आहे की जनुकांच्या मजकुरातला एक विरळ शब्द वाचून दाखवणारा रेणूच तेथे बिघडतो. तो शब्द रोजच्या वाढीच्या जनुकांत जवळजवळ येतच नाही, पण बीजाणू आणि प्रतिजैविकांच्या काही नियंत्रक जनुकांत येतो, त्यामुळे वाढ चालू राहते आणि पुढची अवस्था अडते. टक्कल दिसायला सारखेच असते, कारण मात्र प्रत्येक वेळी शोधावे लागते.

मग दोष सरळ गुणसूत्राचा आहे का?

एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की टोके हीच अडचण आहे, तेव्हा टोके काढून गुणसूत्र गोल करून टाकले की प्रश्न मिटेल. संशोधकांनी नेमके हेच करून पाहिले. लिविडन्सचे गुणसूत्र मुद्दाम गोल केले. जिवाणू जगला, वाढला, पण अस्थिरता कमी झाली नाही. उलट गोल गुणसूत्रातून तुकडे गळण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. तेव्हा सरळपणा हे मूळ कारण नव्हे. डीएनए कुठेही तुटू शकतो. अतिनील किरणांनी, काही रसायनांनी, पेशीभित्ती काढून पुन्हा वाढवण्यानेही तुटण्याचे प्रमाण वाढते. फरक पडतो तो तुटल्यानंतर. मधल्या भागात तुकडा गळाला तर पेशी मरते आणि आपल्याला ती कधी दिसतच नाही. हातांवर तुकडा गळाला तर पेशी जगते आणि वसाहत बनून आपल्यासमोर येते. टोकांची अस्थिरता आपल्याला इतकी ठळक दिसते, त्यात या निवडीचा वाटा मोठा आहे.

इतके गळत असेल तर हे जिवाणू टिकले कसे?

हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या जिवाणूंचा वंश कोट्यवधी वर्षे जुना आहे. दर शंभर-हजार वंशजांमागे एक अपुरा निघत असेल, तर इतक्या काळात सगळेच टकले व्हायला हवे होते.

उत्तर बीजाणूत आहे. मातीत अन्न सलग पसरलेले नसते. कुजणाऱ्या पानाचा तुकडा येथे, मेलेल्या किड्याचे कवच तेथे. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचे तर बीजाणू लागतो, आणि टकल्या वसाहतीला तो बनवता येत नाही. तिचा वंश त्या पानाबरोबर संपतो. प्रत्येक पिढीच्या शेवटी अशी एक चाळणी लागलेली असते, आणि ज्याला पूर्ण आयुष्यक्रम पार करता येतो तोच तिच्यातून खाली उतरतो.

प्रयोगशाळेत किंवा कारखान्याच्या टाकीत ही चाळणी नसते. द्रव माध्यमात बहुतेक जाती बीजाणू बनवतच नाहीत. एका फ्लास्कमधून दुसऱ्यात तंतूंचेच तुकडे जातात. अन्न भरपूर असते, शत्रू नसतात, अशा वेळी प्रतिजैविक बनवणे हा निव्वळ खर्च होतो. समजा, हजारात एक पेशी हा खर्च टाळणारी आहे आणि तिचा वंश इतरांच्या तुलनेत दर पिढीला दहा टक्क्यांनी अधिक वाढतो. साध्या चक्रवाढीच्या हिशोबाने सुमारे 72 पिढ्यांत टाळणारे आणि बनवणारे सारख्या संख्येने होतात, आणि आणखी 72 पिढ्यांनी हजारात एकच बनवणारा उरतो. हा हिशोब समजण्यासाठी मांडलेला आहे, प्रत्येक जातीचे आकडे निराळे असतात. पण दिशा हीच असते.

हे फक्त स्ट्रेप्टोमायसीजपुरते नाही. मिक्सोकॉकस झँथस हा मातीतला जिवाणू उपासमार होताच हजारोंच्या संख्येने एकत्र येतो आणि बीजाणूंनी भरलेला एक छोटा मनोरा उभारतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या 12 वंशशाखा हजार पिढ्यांपर्यंत ढवळत्या, अन्नाने भरलेल्या द्रवात वाढवल्या गेल्या, जेथे एकत्र येण्याची गरजच नव्हती. जवळजवळ सर्व शाखांनी सामूहिक वागण्यापैकी काही ना काही गमावले, आणि अनेकांना मनोरा उभारणे जमेनासे झाले. बॅसिलस सबटिलिस या मातीतल्याच जिवाणूवर सहा हजार पिढ्यांपर्यंत असाच प्रयोग झाला, आणि त्याच्याही बहुतेक शाखांची बीजाणू बनवण्याची क्षमता गेली. येथे गुणसूत्र गोल आहे आणि कारणे निरनिराळी आहेत. समान गोष्ट एवढीच की चाळणी काढून घेतली होती.

गमावणे नेहमी तोट्याचेच असते का?

आतापर्यंत आपण टकल्या वसाहतीला बिघाड मानले. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी सीलिकलरविषयी जे दाखवले, त्यामुळे हा शब्द थोडा जपून वापरावा लागतो. त्यांना आढळले की वाढत्या वसाहतीत काही पेशी गुणसूत्राच्या टोकांचे प्रचंड भाग गमावतात, त्यांची वाढ मंदावते, बीजाणू फार कमी होतात, परंतु त्या अधिक प्रमाणात आणि अधिक प्रकारची प्रतिजैविके बनवतात. वसाहतीत अशा पेशी थोड्या असल्या तरी एकूण प्रतिजैविक वाढते, आणि बीजाणूंचे एकूण उत्पादन फारसे घटत नाही. मधमाश्यांच्या पोळ्यात कामकरी माश्या सहसा अंडी घालत नाहीत, पण पोळे राखतात. तशी ही श्रमविभागणी आहे. फरक एवढाच की येथे कामकऱ्यांची नेमणूक गुणसूत्र तुटण्यातून होते आणि तिच्यातून परतीची वाट नसते.

ही श्रमविभागणी उत्क्रांतीने मुद्दाम घडवली, की आपोआप होणाऱ्या गळतीचा वसाहतीला फायदा मिळत गेला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पण एक गोष्ट पक्की: वाढणाऱ्या वसाहतीत सगळ्या पेशी एकसारख्या असतात हे गृहीतक या जिवाणूंच्या बाबतीत धरता येत नाही.

साठवणीच्या कुपीपर्यंत

व्यवहारात हा विषय कुठे टोचतो? एखादा वाण आज भरपूर प्रतिजैविक देतो, वर्षभर एका माध्यमावरून दुसऱ्यावर नेत राहिल्यावर निम्मे देतो, आणि कोणालाही नेमकी चूक सापडत नाही. काम करणारे लोक याला वाण ‘खराब झाला’ किंवा ‘उतरला’ म्हणतात. क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम या मातीतल्या जिवाणूच्या बाबतीत हा अनुभव फार जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून त्याच्याकडून ॲसिटोन आणि ब्युटेनॉल बनवून घेतले जात असे, आणि वारंवार नव्या माध्यमात नेल्यावर तो ही द्रावके बनवणे आणि बीजाणू बनवणे, दोन्ही एकदम सोडून देई. पुढे कळले की त्याच्या एका प्रमुख वाणात द्रावकांची जनुके सुमारे 1 लाख 92 हजार बेस जोड्यांच्या एका मोठ्या प्लाझ्मिडवर आहेत आणि ते प्लाझ्मिडच हरवते. म्हणजे स्ट्रेप्टोमायसीजच्या बाबतीत चुकलेला जुना तर्क येथे बरोबर ठरला.

या जिवाणूसाठी वापरला गेलेला जुना उपाय मला फार समर्पक वाटतो. संवर्ध, म्हणजे माध्यमात वाढवलेले जिवाणू, थोडा वेळ कडक तापवायचा. बीजाणू उष्णता सोसतात, साध्या पेशी मरतात. त्यामुळे ज्यांना बीजाणू बनवता येत नाहीत त्या उतरलेल्या पेशी आपोआप बाद होतात. प्लाझ्मिड, जनुके यांतले काही ठाऊक नसतानाही मातीतली चाळणी माणसाने हाताने परत बसवली होती.

स्ट्रेप्टोमायसीजसाठी आज जी पद्धत आहे तिचे सार एका वाक्यात सांगता येते: शक्य तितक्या कमी पिढ्या जाऊ द्यायच्या, आणि जे पुढे न्यायचे ते बीजाणूंच्या रूपात न्यायचे. चांगल्या वाणाचे बीजाणू ग्लिसरॉलमध्ये घेऊन उणे 80 अंश सेल्सियसला गोठवतात, किंवा शीतशुष्कन करून, म्हणजे गोठलेल्या स्थितीतच पाणी काढून, बंद कुप्यांत ठेवतात. निर्जंतुक कोरड्या मातीत बीजाणू मिसळून ठेवण्याची जुनी पद्धतही उत्तम चालते. पहिल्या कुप्यांचा साठा मूळ म्हणून राखून ठेवतात, त्यातल्या एका कुपीपासून कामाच्या कुप्या तयार करतात, आणि प्रत्येक नव्या कामाला नवी कुपी उघडतात.

आणि कुपी उघडल्यावर पहिले काम असते ते पाहण्याचे. बीजाणू विरळ पसरवून सुट्या वसाहती येऊ द्यायच्या, आठवडाभराने झाकण काढून प्लेट उजेडात तिरपी धरायची, आणि राखाडी मखमलीत किती ठिपके चकाकतात ते मोजायचे. शंभरात एखादा असेल तर हा या जिवाणूचा स्वभाव आहे. मग चांगल्या वसाहतींमधून एकापेक्षा अधिक उचलून, प्रत्येकीचे उत्पादन तपासून पुढे जाता येते. दहा-पंधरा असतील, किंवा पाचरी ठिकठिकाणी दिसत असतील, तर त्या प्लेटवरची सर्वांत देखणी वसाहतसुद्धा उचलायची नाही. ती प्लेट बाजूला ठेवून मूळ साठ्यातली आधीची कुपी काढायची.